आयव्हीपी : डाय देऊन काढलेला किडनीचा एक्सरे

आयव्हीपी म्हणजे इंट्राव्हेनस पायलोग्राम, काही ठिकाणी आयव्हीयू (इंट्राव्हेनस युरोग्राम) पण लिहितात. हाताच्या शिरेतून आयोडीन असलेलं औषध सोडतात, ज्याला सगळे डायच म्हणतात, आणि ते किडनीतून गाळून लघवीवाटे बाहेर पडताना ठराविक वेळाने एक्सरे काढत जातात. साध्या एक्सरेत हाडं दिसतात, बरेचसे मूतखडे पण दिसतात, पण किडनीच्या आतली पोकळी आणि मूत्रनलिका दिसत नाही, युरिक अॅसिडचा खडा तर साध्या एक्सरेत दिसतच नाही, तो आयव्हीपीत, फोटोत पांढऱ्या दिसणाऱ्या डायमध्ये रिकामी जागा म्हणून कळतो.

ही तपासणी 1929 साली जर्मनीत सुरू झाली. मोझेस स्विक हा तरुण अमेरिकन डॉक्टर आणि बर्लिनचे अलेक्झांडर फॉन लिश्टेनबर्ग यांनी युरोसेलेक्टान नावाचं औषध शिरेतून देऊन किडनीचे स्पष्ट फोटो मिळवले. त्याआधी डाय भरायला लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून खालून नळी चढवावी लागायची, त्यामुळे पेशंटचा केवढा त्रास वाचला असेल बघा.

आदल्या दिवशी हलकं जेवण आणि रात्री पोट साफ व्हायची गोळी देतात. पेशंट ही गोळी फार हलक्यात घेतात, पण आतड्यात गॅस आणि मळ असला की तो नेमका किडनीवर येतो आणि फोटो धुरकट होतात. त्याआधी रक्तात क्रिएटिनिन बघतात, म्हणजे किडनी किती काम करतेय ते कळतं, कारण किडनी आधीच कमजोर असेल तर डायचा तिच्यावर ताण येऊ शकतो. शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर आधीच सांगा, किडनी कमजोर असल्यास ती गोळी डाय दिल्यावर 48 तास बंद ठेवायला सांगतात. दिवस गेले असतील किंवा नुसती शंका असेल तरी सांगायचं, लाजायचं नाही. आधी कधी डायची रिअॅक्शन आली असेल तर ते सगळ्यात महत्त्वाचं. कोकण-गोव्याकडे कोळंबी सोसत नाही म्हणजे आयोडीनच सोसत नाही असं बरेच जण धरून चालतात, तसं नाहीये, ती अॅलर्जी कोळंबीतल्या प्रथिनाची असते, पण कुठलीही अॅलर्जी किंवा दमा असेल तर सांगून ठेवलेलं बरं.

टेबलावर झोपल्यावर पहिला फोटो डायशिवायच काढतात. मग इंजेक्शन, आणि इथेच लोक घाबरतात. औषध आत जाताच अंगभर गरम वाफ फिरल्यासारखं होतं, चेहरा तापतो, तोंडात लोखंड चघळल्यासारखी चव येते, काहींना मळमळतं, काहींना तर लघवी झाली की काय असं वाटतं. एक-दोन मिनिटांत ओसरतं हे सगळं, आणि ती अॅलर्जी नसते. अंगाला खाज सुटली, गांध्या उठल्या, घसा आवळला, श्वास लागला तर मात्र लगेच ओरडून सांगायचं, गप्प सोसत बसायचं नाही, त्यावरची औषधं तिथे तयार ठेवलेली असतात.

साधारण पहिल्या मिनिटाला किडनीचा आकार उजळतो, पाच मिनिटांच्या आसपास आतल्या पोकळीत डाय उतरतो, मग दहा, पंधरा मिनिटांचे फोटो. मध्ये पोटावर पट्टा घट्ट आवळतात, म्हणजे डाय वरच अडून किडनी नीट भरते, पट्टा सोडला की नलिका दिसते. पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल किंवा खड्याची कळ चालू असेल तर पट्टा लावत नाहीत. दर फोटोला श्वास सोडून धरायला सांगतात कारण श्वासाबरोबर किडनी खरंच वरखाली सरकते. शेवटी लघवी करून यायचं आणि लघवीची पिशवी किती रिकामी झाली त्याचा फोटो.

एवढं सगळं बहुतेक वेळा तासाभरात होतं, पण एखाद्याला दोन तासांनी, चार तासांनी परत फोटोला बोलावतात आणि नातेवाईक चिडतात की मशीन बिघडलं का. मशीन बिघडलेलं नसतं, खड्याने वाट अडवली असेल तर त्या बाजूची किडनी डाय उशिरा सोडते, कधी कधी 24 तासांनंतरचा फोटो पण लागतो. किती उशीर झाला हाच रिपोर्टचा अर्धा भाग आहे, कारण आयव्हीपी नुसता आकार दाखवत नाही, किडनी काम करतेय का ते पण दाखवते.

नंतर भरपूर पाणी प्यायचं, डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर मात्र त्यांना विचारून. डायला रंग नसतो, त्यामुळे लघवी रंगीत होत नाही. आता खड्यासाठी बहुतेक ठिकाणी डाय न देता सीटी स्कॅन करतात आणि बाकी कामाला सीटी युरोग्राफी, म्हणजे डाय देऊन केलेला मूत्रमार्गाचा सीटी स्कॅन आहे, तरी सीटी नसलेल्या गावात आयव्हीपी अजून लिहून देतात.