मधला भाग (पॅरानॉर्मल रोमान्स मालिका)

पॅरानॉर्मल रोमान्स म्हणजे जिथे दोघांपैकी एक साधं माणूस असतं, बहुतेक वेळा मुलगीच, आणि दुसरा व्हॅम्पायर, वेअरवुल्फ, स्वर्गातून हाकललेला देवदूत असं काहीतरी असतो, त्यांची प्रेमकथा. ही पुस्तकं सहसा एकेकटी येत नाहीत, तीन-चार-सहाच्या मालिकेत येतात आणि त्यातला दुसरा किंवा मधला भाग फुसका निघतो ही वाचकांची जुनी तक्रार आहे. म्हणजे पहिलं रात्रभर जागून संपवलेलं असतं, दुसरं मात्र 'आता पुढचं कळायला हवं म्हणून' रेटत वाचलं जातं.

लोक म्हणतात लेखिकेने आळस केला, प्रकाशकाने घाई केली. असेलही कुठे कुठे. पण खरं कारण या प्रकाराच्या बांधणीतच आहे. पहिल्या भागात दोन प्रश्न वाचकाला ओढत नेतात, एक म्हणजे हा नेमका कोण आहे आणि दुसरा, याचं-तिचं जमणार का. पुस्तक संपेपर्यंत दोन्हींची उत्तरं मिळालेली असतात. लग्न, मोठी लढाई, तिचं अमर होणं वगैरे शेवटच्या भागासाठी राखून ठेवलेलं. मग मधल्याच्या वाट्याला उरतं काय? तर जमलेली जोडी फोडणं. आणि वाचकाने पैसे मोजलेले असतात नेमके त्या जोडीसाठी.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे स्टेफनी मायरच्या ट्वायलाइट मालिकेतलं दुसरं पुस्तक, न्यू मून (२००६). सुरुवात झकास आहे. १३ सप्टेंबर, नायिका बेलाचा अठरावा वाढदिवस, तिचा प्रियकर एडवर्ड ज्यातला आहे त्या कलन या व्हॅम्पायर कुटुंबाच्या घरी पार्टी, गिफ्टचा कागद फाडताना तिचं बोट कापतं आणि रक्ताचा एक थेंब बघून त्याच घरातला जॅस्पर तिच्यावर झेपावतो, तिला वाचवायला एडवर्ड तिला मागे ढकलतो तर ती काचेच्या प्लेट्सवर पडते आणि आता खरंच रक्ताची धार लागते, भोवती सहा भुकेले व्हॅम्पायर, आणि मग घरातला डॉक्टर कार्लाइल तेवढा शांतपणे तिच्या हाताला टाके घालतो. व्हॅम्पायरशी प्रेम करणं म्हणजे काय हे या एका प्रसंगात जेवढं कळतं तेवढं अख्ख्या पहिल्या पुस्तकात कळत नाही. नंतर एडवर्ड तिला जंगलात नेऊन 'मला तू नको आहेस' असं खोटंच सांगतो आणि गायब होतो. तिच्याच भल्यासाठी, अर्थात.

पुस्तकाची प्रकरणं २४. एडवर्ड तिसऱ्यात जातो आणि प्रत्यक्ष भेटतो विसाव्यात. मधल्या काळात तो फक्त बेलाच्या डोक्यातला आवाज म्हणून येतो, तेही ती काही धोक्याचं करत असेल तरच, म्हणून मग ती मोटरसायकल चालवते, कड्यावरून समुद्रात उडी मारते. ज्यांना एडवर्ड हवा होता ते इथे वैतागले आणि त्यांना दोष देता येत नाही. तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. तो गेल्यानंतर पानावर फक्त महिन्याचं नाव येतं, ऑक्टोबर, मग नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, बाकी पानं कोरी. ब्रेकअपनंतरचा काळ दाखवायला मायरने इतर ठिकाणी जे शेकडो शब्द खर्च केलेत त्यापेक्षा ही कोरी पानं जास्त बोलतात.

हा भाग मधे घुसवल्यासारखा वाटतो त्याला कारणही आहे, तो खरंच मधे घातलेला आहे. पहिल्या पुस्तकानंतर मायरने जो पुढचा भाग आधी लिहिला होता, फॉरेव्हर डॉन, त्यात गोष्ट हायस्कूल ओलांडून थेट पुढे जात होती. पण पहिलं पुस्तक टीनएजर वाचकांसाठी म्हणून येणार होतं आणि हे लिखाण त्यांच्यासाठीचं नव्हतं, मग शाळेचं वर्ष भरून काढणारी पुस्तकं लिहावी लागली, न्यू मून आणि २००७ चं एक्लिप्स, आणि फॉरेव्हर डॉनचा ढाचा २००८ च्या शेवटच्या भागात वापरला गेला.

रिकामी जागा भरायला या भागांत दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे प्रेमाच्या त्रिकोणातला तिसरा कोन, इथे बेलाचा मित्र जेकब ब्लॅक, जो पुढे लांडगा होऊ लागतो. त्याच्यासोबतची गॅरेजमधली दुपार, भंगारातल्या बाइक दुरुस्त करणं, कोमट कोल्ड्रिंक पिणं, हा भाग प्रत्यक्षात एडवर्डच्या कितीतरी पानांपेक्षा मोकळा आणि माणसासारखा आहे, आणि पुढे वाचकांत जे टीम एडवर्ड-टीम जेकब भांडण पेटलं त्याची काडी इथेच पडली. मात्र जेकबची जमात, क्विल्यूट, ही वॉशिंग्टन राज्यात ला पुशला राहणारी खरी माणसं आहेत. त्यांच्या मूळ कथेत लांडग्यांची माणसं झाली, माणसांचे लांडगे नाही, आणि व्हॅम्पायरशी केलेला करार वगैरे सगळी मायरची भर.

दुसरी गोष्ट म्हणजे वरच्या लेव्हलची सत्ता. न्यू मूनमध्ये इटलीतल्या वोल्तेरा गावचे वोल्तुरी येतात, व्हॅम्पायरांचे राज्यकर्तेच म्हणा, आरो, केयस, मार्कस. पुस्तकाच्या शेवटच्या काही प्रकरणांत एकदम वेग येतो, बेला मेली असं समजून एडवर्ड भरदुपारी गर्दीसमोर उन्हात उभा राहून, म्हणजे अंग चमकून गुपित फुटेल आणि वोल्तुरी शिक्षा करतील अशा बेताने, मरण ओढवून घ्यायला निघालाय आणि ती लाल कपड्यांतल्या जत्रेच्या गर्दीतून धावतेय. मग वाटतं हे आधी का नाही केलं बाई.

बाकीच्यांनीही हीच वाट धरली. हश हश मालिकेच्या दुसऱ्या भागात, क्रेसेंडोमध्ये (२०१०), नोरा आणि तिचा देवदूत पॅच यांचं सुरुवातीलाच फाटतं, तिसऱ्यात नोराची स्मृतीच गेलेली असते, म्हणजे डेली सोपमध्ये टीआरपी घसरला की करतात तसंच. फॉलन मालिकेच्या दुसऱ्या भागात, टॉर्मेंटमध्ये, देवदूत डॅनियल प्रेयसी ल्यूसला एका वेगळ्या शाळेत लपवून निघून जातो आणि कारण नीट सांगत नाही, अर्धं पुस्तक ती चिडलेली. शिव्हरच्या दुसऱ्या भागाने, लिंगरने (२०१०), जरा वेगळं केलं, जोडी न फोडता आणखी दोन निवेदक आणले, पण मग मूळ जोडी सॅम-ग्रेसची पानं त्यांच्यात वाटली गेली.

नाराजी म्हणजे तोटा असं मात्र समजू नये. न्यू मूनचा सिनेमा नोव्हेंबर २००९ मध्ये आला, दिग्दर्शक ख्रिस वाइट्झ, आणि अमेरिका-कॅनडात पहिल्या वीकेंडला त्याने १४ कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला, पहिल्या सिनेमाच्या जवळपास दुप्पट. हिरो पाऊण गोष्ट गायब ही अडचण सिनेमालाही होतीच, म्हणून जिथे पुस्तकात नुसता आवाज आहे तिथे पडद्यावर रॉबर्ट पॅटिन्सन धुरासारखा प्रकट होत राहतो. कोऱ्या पानांच्या जागी बेला खिडकीशी खुर्चीत बसलेली, कॅमेरा तिच्याभोवती फिरतोय आणि बाहेर ऋतू बदलतायत. सिनेमातला सगळ्यात चांगला शॉट हाच.

ज्यांना ही भानगडच नको त्यांनी दर पुस्तकात जोडी बदलली. जे. आर. वॉर्डची २००५ पासूनची ब्लॅक डॅगर ब्रदरहूड मालिका बघा, जग तेच, एकमेकांना भाऊ मानणाऱ्या व्हॅम्पायर योद्ध्यांची टोळी तीच, पण बहुतेक पुस्तकांत वेगळा भाऊ प्रेमात पडतो, आधीची जोडी मागे कुठेतरी सुखात असते. तिथे एखादं पुस्तक फसलं तर त्या भावाचं फसतं, मालिकेचं घोडं अडत नाही.