शोध मशीनकडे, माघार माणसाकडे: ऑटो-एक्सप्लोअरची पार्श्वभूमी

रोगलाइक, म्हणजे ‘रोग’ या जुन्या गेमच्या वळणावरच्या, गेममध्ये कॅरेक्टर एकदाच मरतं आणि जाताना सेव्ह फाइलही घेऊन जातं. अशा गेममध्ये एक की दाबून अख्खी लेव्हल आपोआप धुंडाळायची सोय (ऑटो-एक्सप्लोअर) कुठून आली, आणि तिच्यापायी इतकी धडधाकट कॅरेक्टरं का जातात, याचं उत्तर बरंचसं तिच्या इतिहासातच आहे.

सुरुवात साधी होती. १९८० च्या ‘रोग’मध्ये २४ ओळी, ८० रकान्यांच्या, फक्त अक्षरं दाखवणाऱ्या टर्मिनलवर जास्तीत जास्त नऊ खोल्या असायच्या. शिफ्ट धरून दिशेचं अक्षर दाबलं की कॅरेक्टर त्या दिशेने धावायचं आणि काही नवं दिसलं की थांबायचं. दिशा मात्र खेळणाराच ठरवायचा.

त्यानंतर लगेचच कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या चार विद्यार्थ्यांनी ‘रोग-ओ-मॅटिक’ लिहिला. हा प्रोग्रॅम ‘रोग’चं आउटपुट अक्षर-अक्षर वाचून स्वतःच पूर्ण गेम खेळायचा. त्याची रचना आजही बघण्यासारखी आहे. आत वेगवेगळे ‘तज्ज्ञ’, म्हणजे एकेक काम सांभाळणारे भाग, होते: हातघाईचा, लक्ष्य निवडणारा, जादूच्या वस्तू वापरणारा, वस्तू उचलणारा, माघारीचा, शोधाचा, तब्येत सांभाळणारा. शोध हा त्यांच्यातला फक्त एक, आणि लढाई किंवा माघारीचा प्रश्न उभा असेल तर त्याची पाळीच यायची नाही.

पुढच्या गेमनी नेमका हा एकच तज्ज्ञ उचलला. १९८७ पासूनच्या ‘नेटहॅक’मध्ये २००२ साली, ३.४.० आवृत्तीत, ‘ट्रॅव्हल’ आलं: अंडरस्कोर दाबा, जागा दाखवा, कॅरेक्टर तिथवर चालत जाईल. मुक्काम अजूनही आपण निवडायचा. लिन्ली हेन्झेल यांच्या १९९७ च्या ‘डंजन क्रॉल’मधून २००६ मध्ये ‘स्टोन सूप’ निघाला आणि त्याच्या ‘ओ’ कीने मुक्काम निवडायचं कामही खेळणाऱ्याकडून काढून घेतलं. ज्यात काही निर्णयच नाही ती हमाली खेळणाऱ्याला करायला लावू नये, हे ‘स्टोन सूप’चं घोषित धोरण. ‘ब्रोग’मध्ये (२००९) हीच सोय ‘एक्स’वर आहे, ‘टेल्स ऑफ माज’एयाल’मध्ये ‘झेड’वर.

आतलं गणित फार अवघड नाही. ‘ब्रोग’ ज्या पद्धतीने करतो तिला डायक्स्ट्रा मॅप म्हणतात. नकाशावर न पाहिलेल्या प्रत्येक घराला ० द्यायचा, त्याला लागून असलेल्या चालण्याजोग्या घराला १, मग २, असं सगळीकडे आकडे पसरवायचे. न उचललेली वस्तू असेल तिथे आकडा आणखी खाली ढकलायचा. कॅरेक्टर जिथे उभं आहे तिथून उताराने एक पाऊल, मग परत सगळं गणित. या आकड्यांत काय काय नाही ते पाहा: हेल्थ नाही, मागचं दार किती लांब राहिलं ते नाही, खोली मोकळी आहे की अरुंद तेही नाही.

त्यामुळे पहिला धोका उभं राहण्याच्या जागेचा. शोध थांबतो तो मॉन्स्टर दिसल्यावर, आणि तोवर तुम्ही दालनाच्या मधोमध पोहोचलेले असता. ‘स्टोन सूप’मध्ये नजर ७ घरांपर्यंत जाते. समोरचा प्राणी दुप्पट वेगाचा असेल तर तुम्ही सरळ मागे पळताना अंतर दर टर्नला एका घराने घटतं, म्हणजे सहा पावलांत तो पाठीला भिडतो. दार सहा पावलांवर असेल तर निभावलं. दहावर असेल तर उरलेली चार पावलं मार खात. आणि टोळी असेल तर बोळात एकच जण भिडू शकतो, मोकळ्यावर आठही बाजूंनी. हाताने खेळणारा माणूस दारातून डोकावतो. ‘ओ’ डोकावत नाही, तो आत शिरतो.

दुसरा धोका बोटांचा. ‘स्टोन सूप’मध्ये शत्रू नजरेत असताना ‘ओ’ काम करत नाही, पण टॅब करतो. तो जवळच्या शत्रूवर आपोआप चालून जातो. ओ-टॅब-ओ-टॅब ही लय एकदा लागली की समोर उंदीर आहे की ओगर (धिप्पाड राक्षस), हे वाचलंच जात नाही. हेल्थ ५० टक्के किंवा त्याहून कमी झाली की टॅब अडतो, हा मूळ सेटिंगमधला अडसर. तो टक्केवारीत मोजतो, हीच त्याची गोची. २०० पैकी १०० उरली तर विचाराला वेळ असतो. २४ पैकी १२ उरली आणि ओगरच्या हातात जाडजूड गदा असेल, तर पुढचा एक फटका पुरतो. ‘नेटहॅक’मध्ये तर ही लय चालणारच नाही: तिथे ‘तरंगता डोळा’ नावाच्या मॉन्स्टरवर सवयीने हात चालवला तर तुम्ही १२७ टर्नपर्यंत जागेवर थिजू शकता.

न दिसणारे मॉन्स्टर हा वेगळाच प्रकार. जे दिसत नाही त्यासाठी शोध थांबत नाही. पहिला इशारा म्हणजे पहिली जखम.

डिझायनर हे जाणून आहेत. ‘ब्रोग’मध्ये काही वस्तूंवर खूणच असते की आपोआप शोधाने यांच्या वाटेला जायचं नाही, त्या उचलायचा निर्णय तुमचा. ‘स्टोन सूप’मध्ये शिफ्ट धरून ‘एक्स’ने नकाशा उघडून, कर्सर धोक्याच्या जागी नेऊन ‘ई’ दाबलं की तेवढा भाग वगळला जातो. सेटिंग फाइलमधला ‘एक्सप्लोअर डिले’ मूळ -१ असतो, म्हणजे मधली पावलं पडद्यावर दिसतच नाहीत, कॅरेक्टर एकदम मुक्कामावर उमटतं. तिथे २० मिलिसेकंद घाला. वाट डोळ्यांखालून जाते, आणि पळायची वेळ आली की बोळ कुठे होता ते आठवतं. नवीन लेव्हलवर पहिली काही पावलं हातानेच टाकावीत, कारण जिना जवळ असतो तो तेव्हाच.

पुढे ‘स्टोन सूप’मध्ये जखमी असताना ‘ओ’ दाबला तर आधी विश्रांती घ्यायचा पर्यायही आला. म्हणजे रोग-ओ-मॅटिकचा तब्येतीचा तज्ज्ञ परत आला, वस्तू उचलणारा तर आधीच होता. माघारीच्या तज्ज्ञासाठी मात्र अजून कुठलीही की नाही.