डेस्कटॉप मुंबईला, डेटाबेस अंबडला: लेटन्सी मोजण्यामागची पार्श्वभूमी

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या एखाद्या कारखान्यात स्टोअर्सचं किंवा पगाराचं व्हिज्युअल बेसिक ६ मधलं सॉफ्टवेअर अजून चालू असेल, तर त्याची घडण १९९८ च्या आसपासची आहे. तेव्हा क्लायंट (माणसासमोरचा संगणक) आणि सर्व्हर (डेटाबेस ठेवलेला संगणक) एकाच आवारात असत. क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) जाऊन उत्तर यायचा नेटवर्कवरचा वेळ, म्हणजेच लेटन्सी, १ मिलिसेकंदही नसे. त्यामुळे एक फॉर्म उघडताना हजारो छोट्या क्वेरी पाठवणं त्या नेटवर्कवर खरोखरच चुकीचं नव्हतं.

सिट्रिक्सचं विनफ्रेम १९९५ मध्ये आलं, मायक्रोसॉफ्टचं टर्मिनल सर्व्हर १९९८ मध्ये. दोन्हींत प्रोग्राम सर्व्हरवर चालायचा आणि फक्त स्क्रीन लांब जायची. प्रोग्राम डेटाबेसशेजारीच ठेवता यायचा. पुढे मुंबईत क्लाउडची केंद्रं सुरू झाली (मायक्रोसॉफ्टचं अ‍ॅझ्युर २०१५, अ‍ॅमेझॉनचं एडब्ल्यूएस २०१६) आणि व्हर्च्युअल डेस्कटॉप, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर चालणारा डेस्कटॉप, तिथे नेता येऊ लागले. डेटाबेस मात्र कारखान्यातच राहिला, तर अंतर दोन ठिकाणी मोजावं लागतं: माणूस ते डेस्कटॉप आणि डेस्कटॉप ते डेटाबेस. आरडीपी (मायक्रोसॉफ्ट) किंवा आयसीए (सिट्रिक्स) या स्क्रीन पाठवणाऱ्या पद्धतींचे लेटन्सी काउंटर फक्त पहिलं अंतर दाखवतात. तो आकडा उत्तम असतो, माउस झटपट हलतो, आणि फॉर्म मात्र अर्धा मिनिट उघडत नाही.

हिशोब सोपा आहे. एक क्वेरी आणि तिचं उत्तर म्हणजे एक फेरी. एकाच आवारात ४,००० फेऱ्या गुणिले ०.४ मिलिसेकंद म्हणजे १.६ सेकंद, तेच मुंबईहून ८ मिलिसेकंद धरले तर ३२ सेकंद. फायबरमध्ये प्रकाशाला दर किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे सुमारे १७० किलोमीटरच्या नाशिक-मुंबई अंतराला जाऊन-येऊन १.७ मिलिसेकंद लागणारच. उरलेला वेळ केबलचे वळसे, राउटर, फायरवॉल आणि व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खाजगी जोडणी) यांचा. लाईन ५० वरून २०० एमबीपीएस केली तरी हे ३२ सेकंद जवळपास तसेच राहतात.

मोजायला बहुतेकजण पिंग ही कमांड वापरतात. माइक म्यूस यांनी ते १९८३ मध्ये लिहिलं, ते यंत्र पोचतंय का हे पाहायला. त्याचे आयसीएमपी प्रकारचे पॅकेट फायरवॉल अडवू किंवा मागे ठेवू शकते, आणि डेटाबेसच्या पोर्टाला (तो ज्या क्रमांकाच्या दारावर ऐकतो त्याला) ते शिवतही नाही. म्हणून व्हर्च्युअल डेस्कटॉपच्या आतून पीएसपिंग (थेट पोर्टापर्यंतचा वेळ मोजणारं मायक्रोसॉफ्टचं साधन) चालवावं: एसक्यूएल सर्व्हरला १४३३, ओरॅकलला १५२१ (पोर्ट बदललेला नसेल तर). किमान १०० वेळा, ऐन कामाच्या वेळेत. सरासरीवर न थांबता सर्वांत मोठे आकडेही पाहावेत. ओरॅकलच्या टीएनएसपिंगवर विसंबू नये, ते लिसनरपर्यंतच (जोडणी स्वीकारणाऱ्या प्रोग्रामपर्यंत) जातं, डेटाबेसपर्यंत नाही.

फेऱ्या मोजायला वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट पाहायचं साधन) हवं. जोडणी सुरू करणारं पॅकेट (सिन) आणि त्याचं उत्तर (सिन-अ‍ॅक) यांतलं अंतर म्हणजे नेटवर्कचा वेळ. प्रत्येक क्वेरीचं उत्तर तेवढ्यातच येत असेल तर दोष अंतराचा, बराच उशीर होत असेल तर आधी सर्व्हर तपासावा. मध्येच ठरावीक २०० मिलिसेकंदांच्या खाचा दिसल्या तर १९८४ चा नेगल अल्गोरिदम (छोटी पॅकेट साठवून एकत्र पाठवणारा) आणि उशिराने जाणारा अ‍ॅक (पॅकेट मिळाल्याची पोच) एकमेकांची वाट पाहत असण्याची शक्यता मोठी. तो भाग सॉकेटच्या सेटिंगने सुटतो; फेऱ्यांचा वेळ कमी करायला मात्र प्रोग्राम आणि डेटाबेस पुन्हा एकाच जागी आणावे लागतात.