जबड्याच्या सांध्याची थर्मोग्राफी : पार्श्वभूमी

थर्मोग्राफी म्हणजे त्वचेतून बाहेर पडणारे अवरक्त (उष्णतेचे) किरण कॅमेऱ्याने टिपून तापमानाचे चित्र काढणे. कानापुढचा जबड्याचा सांधा आणि चावण्याचे स्नायू यांच्या दुखण्याकडे वैद्यकाचे लक्ष गेले ते मुख्यतः 1934 मध्ये, सेंट लुईसचे कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांच्या लेखामुळे. योगायोग असा, की त्याच वर्षी संशोधक जेम्स हार्डी यांनी दाखवून दिले की त्वचेचा रंग कोणताही असो, अवरक्त किरण बाहेर टाकण्यात ती जवळजवळ आदर्श कृष्णवस्तूसारखी, म्हणजे तिच्या तापमानाला शक्य तितके सगळे किरण बाहेर टाकणाऱ्या वस्तूसारखी, वागते. आज कॅमेऱ्यात त्वचेची उत्सर्जकता (आदर्श कृष्णवस्तूच्या तुलनेत किरण बाहेर टाकण्याची क्षमता) 0.98 भरतात, त्यामागे हेच काम आहे.

तरी हे दोन्ही धागे जुळायला काही दशके गेली. सुरुवातीचे कॅमेरे द्रवरूप नायट्रोजनने थंड ठेवावे लागत. दातांच्या दवाखान्यात ते कोण बाळगणार? मग अमेरिकेत संशोधक ग्रॅट आणि सिकल्स यांनी चेहऱ्याच्या दोन बाजूंच्या तापमानातला फरक मोजून मर्यादा सुचवल्या: 0.25 अंश सेल्सिअसपर्यंत सामान्य, 0.35च्या वर ‘गरम’ किंवा ‘थंड’, मधले संदिग्ध.

फरकच का? आजच्या नायट्रोजनविरहित कॅमेऱ्यांची अचूकता साधारण ±2 अंश असते, पण एकाच चित्रातला 0.05 अंशाचा फरकही त्यांना टिपता येतो. म्हणून ‘गाल 34 अंश’ या नोंदीला फारसा अर्थ नाही.

खरी गोची तयारीत आहे. पंखा आणि एसीचा झोत बंद, खोलीचे तापमान स्थिर, रुग्ण 15 ते 20 मिनिटे शांत बसलेला. त्याआधी चहा, सिगारेट, च्युइंगगम, मेकअप नको. गालाला हात किंवा फोन टेकवला, तर तेवढ्यानेच खोटा फरक उमटतो. दाढी असेल तर कॅमेरा त्वचा नव्हे, केस मोजतो. समोरून एक आणि दोन्ही बाजूंनी एकेक चित्र घेतात; अंतर आणि कोन दोन्हीकडे सारखेच हवेत, कारण गालाच्या वळणावर तिरकस पडलेला भाग थंड भासतो.

शिवाय कॅमेऱ्याला सांधा दिसतच नाही, दिसते ती वरची त्वचा. सांध्याला सूज असेल तर रक्तप्रवाह वाढून ती तापू शकते. जुनाट स्नायूदुखीत रक्तवाहिन्या आकुंचन पावल्या तर उलट गार पडू शकते. दोन्ही बाजू सारख्याच दुखत असतील तर फरक शून्याजवळ येतो आणि चित्र निरोगी वाटते. जबड्याच्या सांध्याच्या विकारांसाठीच्या 2014च्या आंतरराष्ट्रीय निदान-निकषांचा पाया रुग्णाची माहिती आणि हाताने केलेली तपासणी हाच आहे. थर्मोग्राफी त्यांत नाही.