ओगरची बुद्धी किती? मॉन्स्टर आणि पात्र यांच्या नियमांची पार्श्वभूमी

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, फासे टाकत खेळायचा कल्पित साहसांचा खेळ. प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवतो, तर समोरचे मॉन्स्टर खेळ चालवणारा ‘डंजन मास्टर’, म्हणजे डीएम, चालवतो. हा खेळ खेळणाऱ्यांत एक वाद थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा पेटतो. मॉन्स्टरने एखादी करामत केली की कुणीतरी विचारतं, ‘हे त्याला कसं जमलं? माझ्या पात्राला का जमत नाही?’ दोघांना नियम एकच असावेत की वेगवेगळे, असा हा प्रश्न आहे. तो खेळाच्या जन्माइतकाच जुना आहे.

सुरुवात झाली युद्धखेळांपासून. १९७१ साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियम छापले गेले. टेबलाच्या दोन्ही बाजूंना खेळाडूच बसलेले, त्यामुळे नियम अर्थातच दोघांना सारखे. याच नियमांना जोडलेल्या काल्पनिक जगाच्या पुरवणीत ‘हीरो’ चार माणसांच्या तोडीने लढायचा आणि ‘सुपरहीरो’ आठांच्या. कोण किती माणसांना भारी, हेच पराक्रमाचं माप होतं.

१९७४ मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या तीन छोट्या पुस्तिका आल्या, त्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने. माप तेच राहिलं. चौथ्या लेव्हलच्या, म्हणजे अनुभवाच्या चौथ्या पायरीवरच्या, लढवय्याला किताब ‘हीरो’, हिट डाइस (जीव मोजायला टाकायचे फासे) चार. ओगर या धिप्पाड, राक्षसासारख्या मॉन्स्टरला हिट डाइस चार अधिक एक. ट्रोलला सहा अधिक तीन, म्हणून साध्या माणसांशी लढताना त्याचे वार सहा, आणि त्यातल्या एकाच वाराच्या फाशात तीन मिळवायचे. इथपर्यंत पात्र आणि मॉन्स्टर एकाच तराजूत तोलले जात होते.

मात्र पात्राच्या कागदावर ताकद, बुद्धी, शहाणपण असे सहा गुण फासे टाकून लिहिले जायचे, ओगरच्या वाट्याला यातला एकही नव्हता. त्याच्या नोंदीत एका वेळी किती जण भेटतील, चिलखत किती, वेग किती, बिळात सापडण्याची शक्यता किती टक्के आणि खजिना कुठल्या प्रकारचा, एवढंच. ही नोंद वाचली की ओगर कशासाठी आहे ते लगेच कळतं. तो वाटेतला अडथळा आहे आणि त्याच्या मागे बक्षीस आहे. मला हे लबाडीचं कधीच वाटलं नाही. ओगर टेबलावर पंधरा मिनिटं जगतो, पात्र वर्षानुवर्षं जगतं. गंमत म्हणजे त्याच पुस्तिकांत खेळाडूला ड्रॅगन होण्याचीही मुभा होती. अट इतकीच की सुरुवात दुबळ्या, कोवळ्या वयापासून करायची. १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये मात्र गायगॅक्स यांनी मॉन्स्टर-पात्रांना स्पष्ट नापसंती दाखवली.

तोवर इतरांनी दोन्ही टोकं गाठली होती. केन सेंट आंद्रे यांच्या १९७५ च्या ‘टनेल्स अँड ट्रोल्स’मध्ये अख्खा मॉन्स्टर एका आकड्यात मावायचा. फासे त्यातूनच आणि जीवही त्यातूनच. ‘रूनक्वेस्ट’ने १९७८ मध्ये अगदी उलटं केलं. तिथे ट्रोललाही माणसासारखेच गुण आणि तशीच कौशल्यं होती, त्यामुळे ट्रोल होऊन खेळणं हा नेहमीचा पर्याय झाला.

डंजन्स अँड ड्रॅगन्स त्या वाटेने पूर्ण गेलं ते २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत. आता सगळ्यांना कायदा एकच. २००३ च्या सुधारित पुस्तकातला ओगर बघा: ताकद २१, बुद्धी ६, चार हिट डाइस, दोन फीट्स (खास अंगभूत क्षमता) आणि कान देऊन ऐकण्याचं कौशल्य अधिक दोन. त्याचे २९ हिट पॉइंट्स, म्हणजे मार सोसण्याचे गुण, कुठून आले ते वहीत मांडून दाखवता येतं, कारण ते पात्राच्याच रीतीने बनलेत. ओगर होऊन खेळायचं असेल तर चार हिट डाइसवर लेव्हलची आणखी दोन भर धरायची, म्हणजे पहिली लेव्हल घेण्याआधीच तो सहाव्या लेव्हलचा मोजला जाणार. हे सगळं मला आजही देखणं वाटतं. बुद्धी सहा असलेल्या ओगरला फसवता येतं आणि त्याच्याशी सौदाही करता येतो. आकडा समोर असला की खेळाडूंना तलवारीशिवाय इतर वाटाही सुचतात.

पण भार डीएमवर पडला. ओगरचा एक सरदार तयार करायचा म्हणजे प्रत्येक लेव्हलचे कौशल्याचे गुण वाटायचे, फीट्स निवडायच्या आणि शस्त्राची बेरीज पुन्हा करायची. इतकं करून तो दुसऱ्या फेरीत मरायचा आणि त्याचं ऐकण्याचं कौशल्य कुणी विचारायचंही नाही.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीने हा हिशोबच मोडीत काढला. मॉन्स्टरची लेव्हल आणि लढाईतली भूमिका ठरवायची, बाकी आकडे त्यावरून. तिथे आठव्या लेव्हलच्या एका ओगरला १११ हिट पॉइंट्स होते, तर अकराव्या लेव्हलच्या ‘मिनियन’, म्हणजे किरकोळ प्याद्यासारख्या, ओगरला फक्त एक. लढाया रंगू लागल्या, तयारी मिनिटांत होऊ लागली. पण वरच्या लेव्हलचा ओगर एका फटक्यात कोसळतो हे अनेकांना पटलं नाही, आणि त्यांची तक्रार रास्त होती. आकडा ओगरचा राहिला नव्हता, तो त्या प्रसंगाचा झाला होता.

पाचव्या आवृत्तीने २०१४ मध्ये मधला मार्ग धरला. सहा गुण कायम ठेवले, पण मॉन्स्टरचा हिट डाइस आकारावरून ठरवला: मध्यम आकाराला आठ बाजूंचा फासा, मोठ्याला दहा बाजूंचा. म्हणून या ओगरचे ५९ हिट पॉइंट्स सात दहाबाजूंच्या फाशांतून येतात. पात्रांचे फासे मात्र वर्गावरून, म्हणजे लढवय्या, जादूगार अशा पेशावरून, ठरतात. हा तोडगा मला सगळ्यांत शहाणा वाटतो. ओगरशी बोलायला त्याची बुद्धी हवी, पण त्याच्या प्रत्येक आकड्याचा जमाखर्च कुणाला नको असतो.

तरी मॉन्स्टर कुणाला म्हणायचं, हे ठरायचंच होतं. १९७४ मध्ये एका हिट डाइसचा शत्रू असलेला ऑर्क २०२४ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये खेळाडूंच्या दहा प्रजातींपैकी एक झाला. २०२५ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये त्याची वेगळी नोंदच नाही. शत्रू म्हणून ऑर्क आणायचा असेल तर डीएम आता डाकूची किंवा योद्ध्याची नोंद उघडतो, माणसासाठी उघडतो तीच.