उभं राहिलं की दुखतं, पडलं की थांबतं: पाठीतल्या पाण्याची गळती स्कॅनमध्ये कशी शोधतात

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘सीएसएफ लीक’ आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह असेल, तर हे पत्रक तुमच्यासाठी आहे. नंबर येईपर्यंत वाचून होईल. बसून वाचताना डोकं दुखायला लागलं तर काउंटरवर सांगा. आत कॉट आहे, आडवं पडून वाचा. यात संकोच करण्यासारखं काही नाही, या तपासणीला येणारे बरेच जण तेच करतात. आणि तुम्हाला आडवं व्हावंसं वाटतंय, ही आमच्यासाठी माहितीच आहे.

गळतं ते काय

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती पाण्यासारखा नितळ द्रव असतो. डॉक्टर त्याला सीएसएफ म्हणतात, बोलण्यात आपण ‘पाठीतलं पाणी’ म्हणतो. मोठ्या माणसाच्या शरीरात ते एका वेळी साधारण १५० मिलिलीटर असतं. रोज सुमारे ५०० मिलिलीटर नवीन तयार होतं आणि तेवढंच रक्तात शोषलं जातं, म्हणजे दिवसभरात सगळं पाणी तीनेक वेळा बदलतं. मेंदू या पाण्यावर तरंगत असतो. हे पाणी धरून ठेवणारी पिशवी म्हणजे ड्युरा नावाचं आवरण. ते कवटीपासून कंबरेखालपर्यंत सलग असतं. पाठीत कुठे त्याला भोक पडलं, तर माणूस उभा राहिल्यावर मेंदूचा आधार कमी पडतो, मेंदू खाली ओढला जातो, भोवतालची आवरणं ताणतात आणि डोकं दुखतं. आडवं पडलं की ताण सुटतो.

हे कोड्यासारखं दुखणं जुनंच आहे. १८९८ मध्ये आउगुस्ट बियर या जर्मन सर्जनने पाठीत सुई घालून भूल देण्याचा प्रयोग स्वतःवरच करून घेतला. सिरिंज सुईला नीट बसेना, त्या गडबडीत बरंच पाणी वाहून गेलं. मग उठून बसलं की डोक्यावर दाब आणि चक्कर, आडवं झालं की सगळं ठीक. बियरसाहेबांनी नऊ दिवस अंथरुणात काढले. आजही पाठीतून भूल दिल्यावर किंवा पाणी तपासायला काढल्यावर काहींना होतं ते हेच. ते बहुतेकदा थोड्या दिवसांत आपोआप भरून येतं.

स्कॅनपर्यंत येणाऱ्यांची गोष्ट बहुतेक वेळा वेगळी असते. त्यांना कुणी सुई टोचलेली नसते, गळती आपसूक सुरू झालेली असते. वर्षाला एक लाख लोकांमागे अशी साधारण पाच माणसं असतात, त्यात बायका जास्त. कारणं मुख्यतः तीन. मणक्याचं वाढलेलं टोकदार हाड किंवा कडक झालेली चकती पुढच्या बाजूने आवरणाला चीर पाडते. किंवा मज्जातंतू बाहेर पडतो तिथल्या फुगवट्याला बाजूने भोक पडतं. तिसरं कारण सगळ्यात छुपं: पाण्याची पिशवी आणि शेजारची शीर यांच्यात थेट जोड तयार होतो आणि पाणी गुपचूप रक्तात जात राहतं. या तिसऱ्या प्रकाराचं वर्णन वैद्यकीय साहित्यात पहिल्यांदा २०१४ मध्ये आलं. त्याआधीच्या तुमच्या रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेख नसेल, तर नवल नाही.

पाठीत गळतंय, मग डोक्याचा एमआरआय कशाला?

काउंटरवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. विहिरीला भेग तळाशी असली तरी पाणी किती उतरलं ते काठावरूनच बघतात, तसंच हे.

कवटी ही बंद पेटी आहे. आतलं पाणी कमी झालं की रिकामी जागा रक्त भरून काढतं. त्यामुळे मेंदूचं आवरण जाड होऊन कॉन्ट्रास्ट (चित्र उजळवणारं, शिरेतून देतात ते औषध) दिल्यावर एकसारखं चमकतं, मोठ्या शिरा टम्म फुगतात, पिट्युटरी ग्रंथी सुजल्यासारखी दिसते. मेंदू खाली सरकलेला असतो, मेंदूच्या तळाशी असलेल्या पाण्याच्या फटी अरुंद झालेल्या असतात. कधी मेंदू आणि कवटीच्या मध्ये पातळ द्रव किंवा रक्त साचतं. आमचे रेडिओलॉजिस्ट यातल्या काही फटी मिलिमीटरमध्ये मोजतात आणि बर्न स्कोअर नावाच्या पद्धतीने शून्य ते नऊ गुण देतात. दोनपर्यंत गुण म्हणजे पाठीत गळती सापडण्याची शक्यता कमी, पाच आणि वर म्हणजे बरीच.

इथे दोन गोष्टी मोकळेपणाने सांगतो. एक, “कॉन्ट्रास्ट नको, साधाच काढा” असा आग्रह धरू नका. आवरणाची ती चमक साध्या एमआरआयमध्ये दिसत नाही. साधा एमआरआय काढून ‘नॉर्मल’ रिपोर्ट घेऊन गेलेली आणि काही महिन्यांनी कॉन्ट्रास्टसाठी पुन्हा आलेली माणसं आम्ही पाहिली आहेत. त्यांचे मधले महिने मायग्रेनच्या आणि मानेच्या गोळ्यांवर गेले. दुसरी गोष्ट, सगळं व्यवस्थित करूनही गळती असलेल्या साधारण पाचांतल्या एकाचा डोक्याचा एमआरआय नॉर्मलच येतो. म्हणून रिपोर्टवर ‘नॉर्मल’ वाचून फाइल बंद करू नका, तो घेऊन डॉक्टरांकडे परत जा.

उलटंही होतं. खाली सरकलेला मेंदू पाहून जन्मजात दोष असल्याचा समज होतो, सुजलेली पिट्युटरी पाहून गाठीची शंका येते. म्हणूनच डोकं उभं राहिल्यावर दुखतं की पडल्यावर, हे फॉर्ममध्ये नक्की लिहा. फॉर्मवर ‘डोकेदुखी’ एवढाच शब्द असला तर चित्र वाचणाऱ्याचे अर्धे डोळे मिटल्यासारखे होतात.

दुखणं जुनं झालं की ही उभं-आडवं खूण पुसट होत जाते. काहींना सकाळी बरं असतं आणि दुपारनंतर डोकं धरतं. मान आखडणं, कानात दडा बसणं किंवा गुणगुण, मळमळ, एकाचं दोन दिसणं, डोक्यात धुकं भरल्यासारखं वाटणं, हेही चालू असू शकतं. आज कसं दुखतं यापेक्षा पहिल्या आठवड्यात कसं दुखत होतं ते आठवून लिहिलंत, तर आम्हाला जास्त उपयोग होतो.

पाठीचा एमआरआय

यात मानेपासून माकडहाडापर्यंत पूर्ण कणा घेतो. पाणी पांढरं शुभ्र आणि चरबी काळी दिसेल अशी खास मालिका असते. इंजेक्शन नाही, सुई नाही, फक्त अर्धा-पाऊण तास न हलता पडायचं. तुमच्या दुखण्यात पडून राहणं हाच आराम, त्यामुळे हा भाग बहुतेकांना सोपा जातो. मशीनचा ठकठकाट मात्र मोठा असतो, कानात बोळे देतो.

शोधायचं असतं ते पिशवीच्या बाहेर साचलेलं पाणी. ते दिसलं तर गळती आहे हे जवळजवळ नक्की. पण भोक कुठे आहे ते त्यावरून कळत नाही. छताला ओल दिसते तिथेच वर गळत असतं असं थोडंच आहे? पाणी कण्याच्या आत वर-खाली पसरतं, कधी दहा-बारा मणके व्यापतं, आणि चीर असते बोटाच्या नखापेक्षा लहान. मानेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यांच्या मागे साचलेलं पाणी तर हमखास चकवतं. पाणी तिथे दिसतं, भोक मात्र बहुतेकदा बरंच खाली असतं.

आणि शिरेशी जोड असलेल्या तिसऱ्या प्रकारात बाहेर पाणी साचतच नाही, ते थेट रक्तात जातं. तिथे हा एमआरआय स्वच्छ येतो.

भोक नेमकं कुठे: मायलोग्राम

पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधतो. इथे आपण पिशवीच्या आत रंग सोडतो आणि तो कुठून बाहेर येतो ते बघतो. हा ‘रंग’ म्हणजे आयोडीन असलेलं कॉन्ट्रास्ट. दिसायला पाण्यासारखंच, पण सीटीवर पांढरं चमकतं.

तुम्हाला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. कंबरेजवळची कातडी बधिर करतात, ते इंजेक्शन चुरचुरतं. नंतरची बारीक सुई आत जाताना दाब जाणवतो, कधी पायात क्षणभर वीज गेल्यासारखी झिणझिणी येते. तसं झालं तर लगेच बोला, पण हलू नका. सुईतून थेंब दिसला की बारीक उभी नळी जोडून पाण्याचा दाब मोजतात. तो सहा सेंटिमीटरच्या खाली असेल तर कमी धरतात. पण गळती असलेल्या अनेकांचा दाब नॉर्मलच निघतो, त्यामुळे या एका आकड्यावरून कुणी निदान पुसून टाकू नये. मग कॉन्ट्रास्ट सोडतात, टेबल डोक्याच्या बाजूला थोडं कलतं करतात, म्हणजे ते कण्यातून वर सरकतं. त्यानंतर सीटी.

खरी मेख वेळेची आणि अंगाच्या स्थितीची आहे. पुढच्या बाजूची चीर मोठी असली तर कॉन्ट्रास्ट काही क्षणांत बाहेर पडून पसरतं. अर्ध्या तासाने सीटी काढला तर आत-बाहेर सगळं पांढरं, भोक कुठलं कळायचं? म्हणून पेशंटला पालथं झोपवून, कंबरेखाली उशा देऊन, कॉन्ट्रास्ट वाहत असतानाच एकामागून एक सीटी घेतात. याला डायनॅमिक मायलोग्राम म्हणतात. चालू एक्स-रेवर हेच केलं तर ते डिजिटल सबट्रॅक्शन मायलोग्राम.

शिरेच्या जोडासाठी मात्र कुशीवर झोपवावं लागतं, कारण जड कॉन्ट्रास्ट खालच्या बाजूला जमतं आणि त्याच बाजूची शीर उजळते. उजवी एकदा, डावी एकदा. बरेचदा दोन बाजू दोन वेगळ्या दिवशी कराव्या लागतात. चित्र घेताना खोल श्वास आत घ्यायला सांगतात, त्याने जोडातून कॉन्ट्रास्ट शिरेत खेचलं जायला मदत होते. सापडलं तर काय दिसतं? मणक्याच्या कडेला काही मिलिमीटरांची, दोऱ्यासारखी पांढरी रेघ. शेकडो चित्रांत ती एखाद-दुसऱ्याच चित्रात असते. आमचे रेडिओलॉजिस्ट दिवे मालवून, एकेक चित्र पुढे-मागे करत बसतात. तुमचा रिपोर्ट त्याच दिवशी हातात पडत नाही, तो यासाठी.

आम्ही छोटं सेंटर आहोत. डोक्याचा आणि पाठीचा एमआरआय, साधा सीटी मायलोग्राम इथे होतो. डायनॅमिक आणि सबट्रॅक्शन मायलोग्राम इथे होत नाही. त्यासाठी मेंदू-मणक्याच्या रक्तवाहिन्यांवर काम करणारी टीम असलेलं मोठं हॉस्पिटल लागतं. डॉक्टरांनी ते लिहिलं असेल तर साधा मायलोग्राम आधी इथे उरकून घेऊ असं म्हणू नका, एक सुई वाया जाईल. न्यूक्लिअर मेडिसिनची एक जुनी तपासणीही आहे. तिच्यात इंडियम-१११ हा किरणोत्सर्गी पदार्थ पाठीत सोडून २४ तासांपर्यंत किंवा पुढेही फोटो घेतात. गळती आहे का याचा अंदाज तिने येतो, जागा मात्र धूसर दिसते.

नाकातून पाणी येत असेल तर

हे वेगळं प्रकरण. वाकल्यावर एकाच नाकपुडीतून पाण्यासारखे थेंब पडत असतील तर भोक कवटीच्या तळाला असण्याची शंका असते, पाठीत नव्हे. ते थेंब स्वच्छ बाटलीत गोळा करून बीटा-२ ट्रान्सफेरिन ही लॅब टेस्ट होते आणि कवटीच्या तळाचा पातळ थरांचा सीटी काढतात. यात मेंदूज्वराचा धोका असतो, दिरंगाई करू नका.

येताना आणि गेल्यावर

पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतली क्लिप, शरीरात राहिलेला धातूचा तुकडा, यांपैकी काही असेल तर एमआरआयची तारीख घेतानाच सांगा. मूत्रपिंडाचा त्रास, आधी कॉन्ट्रास्टने अंगावर आलेले पित्त, गरोदरपण, हेही तेव्हाच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मायलोग्रामआधी ती थांबवायची का आणि किती दिवस, ते गोळी देणारे डॉक्टर ठरवतील. आपल्या मनाने बंद करू नका, आणि चालू आहे हे लपवूही नका.

मायलोग्रामनंतर एक-दोन दिवस डोकं आधीपेक्षा जास्त दुखू शकतं, कारण आम्हीही एक बारीक भोक पाडलेलं असतं. आडवं राहा, पाणी भरपूर प्या, गाडी चालवू नका, सोबत कुणीतरी असू द्या. ताप, मान ताठणं, फिट (आकडी) येणं, पायातली ताकद जाणं, लघवी अडणं, श्वास लागणं, यातलं काहीही झालं तर आमच्या फोनची वाट न बघता थेट जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.

उपचार आम्ही करत नाही, पण विचारतात म्हणून थोडं. आराम करूनही बरं वाटलं नाही तर बहुधा ब्लड पॅच देतात: तुमच्याच हातातून रक्त काढून पाठीत पिशवीच्या बाहेर सोडतात. १९६० पासून ही पद्धत आहे आणि भोकाची नेमकी जागा माहीत नसतानाही ती देता येते. जागा सापडली तर नेमका तिथे पॅच, शस्त्रक्रिया, किंवा शिरेचा जोड आतून बुजवणं हे मार्ग खुले होतात. गळती बंद झाल्यावर काहींचं डोकं उलट दुखू लागतं, आडवं पडल्यावर जास्त आणि कपाळाकडे. पॅच फसला असं समजून लगेच पुन्हा स्कॅनला येऊ नका. दाब वाढल्याने असं होतं, आधी डॉक्टरांना कळवा.

आणि जुने स्कॅन सीडीवर आणा. छापील फिल्मवर निवडक चित्रं असतात, ती दोऱ्यासारखी रेघ त्यांत नेमकी सुटलेली असू शकते. सीडी हरवली असेल तर जिथे स्कॅन काढला तिथे मागा, पुष्कळदा कॉम्प्युटरवर जपून ठेवलेली असते.