बडोद्यात सांडपाणी शुद्धीकरणाची रसायने पुरवायची तर: टेंडर, पात्रता आणि कागदपत्रे

मकरपुरा जीआयडीसीत (सरकारी औद्योगिक वसाहतीत) छोटी शेड असलेला ओळखीतला एक मुलगा मध्यंतरी घरी आला. म्हणाला, "काका, पीएसीचं टेंडर भरायचंय. सगळ्यांत कमी रेट टाकला की झालं ना?" मी विचारलं, "रेट कशाचा? मालाच्या किलोचा की आतल्या ॲल्युमिनाचा?" तो गप्प बसला. पीएसी म्हणजे पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड, आणि ॲल्युमिना हा त्यातला कामाचा भाग. द्रव पीएसी साधारण दहा ते अठरा टक्के ॲल्युमिनाचे मिळते आणि पावडर तीस टक्क्यांच्या आसपास. वेगवेगळ्या टक्क्यांच्या मालाचा किलोचा भाव शेजारी शेजारी मांडला तर त्यातून काहीच कळत नाही. टेंडर हरणारे बहुतेक जण इथेच हरतात. जिंकून नुकसानीत जाणारेही इथलेच.

गाजरावाडी, अटलादरा, तरसाली अशा ठिकाणी शहराचे सांडपाणी शुद्ध होऊन पुढे विश्वामित्रीच्या पात्राकडे जाते. अशा केंद्रांत तीन कामांसाठी रसायने लागतात. शेवटच्या टप्प्यात जंतू मारायला सोडियम हायपोक्लोराइट किंवा क्लोरीन वायू लागतो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या अधिसूचनेनुसार सोडलेल्या पाण्यात विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतू १०० मिलिलिटरमागे १००० पेक्षा कमी हवेत, त्यामुळे या खरेदीला सुट्टी नसते. पाण्यातला बारीक गाळ खाली बसवायला पीएसी किंवा तुरटी वापरतात. आणि साचलेला गाळ सेंट्रिफ्यूज या गरगर फिरणाऱ्या यंत्रात पिळण्याआधी त्यात कण एकत्र बांधणारे पॉलिइलेक्ट्रोलाइट मिसळतात. काही केंद्रांचा देखभालीसह पूर्ण ठेका खासगी कंपनीकडे असतो. तिथे रसायन तोच ठेकेदार विकत घेतो, महापालिका नाही. म्हणून आधी चौकशी करा की त्या केंद्राचा गिऱ्हाईक नेमका कोण आहे.

महापालिकेचे मुख्य कार्यालय खंडेराव मार्केटच्या इमारतीत असले तरी टेंडर भरायला तिथे चकरा मारायची गरज नाही. जाहिरात वर्तमानपत्रात आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर येते, आणि भरायचे असते एनप्रोक्योर या पोर्टलवर. त्यासाठी क्लास-३ डिजिटल सही लागते. क्लास-२ जानेवारी २०२१ पासून बंद झाली, तरी अजून कोणी कोणी जुना टोकन घेऊन येतो. सहीबरोबर एन्क्रिप्शनचे सर्टिफिकेटही घ्या, कारण दर कुलूपबंद होऊनच पोर्टलवर चढतात. सही फर्मच्या अधिकृत व्यक्तीच्या नावाची हवी. भागीदारी असेल तर अधिकारपत्र आणि कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव सोबत जोडावा लागतो.

वेळेबद्दल माझाच एक अनुभव सांगतो. मुदत संध्याकाळी सहाची होती आणि मी पाच वाजता अपलोड करायला बसलो. स्कॅन केलेल्या फाइली मर्यादेपेक्षा मोठ्या निघाल्या, त्या लहान करता करता सहा वाजले आणि घड्याळ लॉक झाले. चूक सर्वस्वी माझी होती, ज्याच्यासाठी टेंडर भरत होतो त्या गिऱ्हाइकाला तोंड दाखवायची सोय उरली नाही. तेव्हापासून मी आदल्या दिवशीच भरतो. टेंडर फी आणि बयाण्याचा (टेंडरसोबतच्या अनामतीचा) डिमांड ड्राफ्ट मूळ स्वरूपात टपालाने पाठवायची अट असेल, तर ते पाकीट पोचायची तारीख वेगळी असते. तीही वहीत लिहून ठेवा.

पात्रता ठरवायला तीन गोष्टी बघतात: मागच्या वर्षांची उलाढाल, तसाच माल एखाद्या सरकारी किंवा मोठ्या संस्थेला पुरवल्याचा अनुभव, आणि तुम्ही उत्पादक आहात की व्यापारी. आकडे प्रत्येक टेंडरमध्ये वेगळे असतात, मागच्या वर्षीचे गृहीत धरू नका. अनुभवासाठी नुसती वर्क ऑर्डर पुरत नाही. पुरवठा समाधानकारक झाल्याचे प्रमाणपत्र लागते, आणि ते काम संपल्या संपल्या मागून ठेवलेले बरे, दोन वर्षांनी ते देणारा साहेब बदललेला असतो. व्यापारी असाल तर उत्पादकाचे अधिकारपत्र हवे, आणि त्यात टेंडरचा क्रमांक लिहिलेला हवा. सर्वसाधारण डीलरशिपचे पत्र बहुतेक वेळा चालत नाही.

कागदांत पॅन, जीएसटी नोंदणी आणि अलीकडची रिटर्न, आयकर विवरणपत्रे, बँकेचे सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट (ऐपतीचा दाखला) आणि काळ्या यादीत नाव नसल्याचे प्रतिज्ञापत्र हे ठरलेलेच. उलाढालीचा सीएचा दाखला घेताना त्यावर यूडीआयएन क्रमांक आहे का ते डोळ्यांनी बघा. फेब्रुवारी २०१९ पासून तो प्रत्येक दाखल्यावर सक्तीचा आहे, आणि तपासणारे तो ऑनलाइन टाकून पाहतात. उत्पादकाला कारखाना परवाना आणि गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाचे मुदतीतले संमतीपत्र लागते. संमतीपत्रात नेमके तेच उत्पादन आणि तेवढी क्षमता लिहिलेली असायला हवी. महिन्याला पन्नास टनांची संमती आणि टेंडर शंभर टनांचे, असा घोळ कागद उघडल्याबरोबर दिसतो.

मालाच्या दर्जासाठी भारतीय मानकाचा क्रमांक दिलेला असतो: पीएसीला आयएस १५५७३, तुरटीला आयएस २९९, द्रव क्लोरीनला आयएस ६४६, हायपोला, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटला, आयएस ११६७३. सोबत एनएबीएल मान्य प्रयोगशाळेचा अहवाल आणि मालाचे सुरक्षा माहितीपत्रक जोडा. क्लोरीनचा विषय त्याहून कडक आहे. त्याच्या टाक्यांना गॅस सिलिंडर नियम २०१६ लागू होतात, तेव्हा पेसोचा (स्फोटक वस्तूंच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचा) परवाना आणि टाकीची मुदतीतली हायड्रो-टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, हवी. घातक माल नेणाऱ्या ट्रकच्या चालकाच्या लायसन्सवर तशी नोंद आणि गाडीत ट्रेम कार्ड (अपघात झाल्यास काय करायचे ते लिहिलेला कागद) नसेल तर गाडी रस्त्यातच अडकेल. नवख्याने सुरुवात क्लोरीनपासून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उद्यम नोंदणीबद्दल, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीबद्दल, बाजारात मोठा गैरसमज आहे. बयाण्याची माफी आणि किमतीतली सवलत केंद्राच्या २०१२ च्या धोरणात आहे. ते केंद्रीय खात्यांना आणि त्यांच्या उपक्रमांना बांधील आहे. महापालिकेच्या टेंडरमध्ये माफी लिहिली असेल तरच धरा. शिवाय जुलै २०२१ मध्ये व्यापाऱ्यांना पुन्हा उद्यममध्ये घेतले ते केवळ बँकेच्या प्राधान्य कर्जापुरते. व्यापाऱ्याने उद्यमचा कागद लावून बयाणा भरलाच नाही, तर दर उघडण्याआधीच, कागदपत्रांच्या तांत्रिक लिफाफ्यातच बाद.

आता दर. हायपो साधारण दहा-बारा टक्के उपलब्ध क्लोरीनचा निघतो, पण ऊन, उष्णता आणि दिवस मिळून तो खातात. बडोद्याच्या मे महिन्यात प्लास्टिकच्या टाकीत आठवडाभर उभा राहिला तर टक्का खाली येणारच. समजा टेंडर दहा टक्क्यांचे आहे आणि तुमचा दहा टनांचा टँकर केंद्रावर आठ टक्के निघाला. करारात प्रमाणात कपात असेल तर पैसे आठ टनांचे मिळतील, भाडे मात्र दहा टनांचे गेले. किमान टक्क्याखाली माल परत करायची अट असेल तर तेवढेही नाही. म्हणून दर काढताना वाटेतली घट धरा, आणि नमुना कुठे, कोणासमोर, किती भागांत घेणार ते टेंडर भरण्याआधीच्या प्री-बिड बैठकीत लेखी विचारा. एक सीलबंद भाग तुमच्याकडे राहिला पाहिजे. पॉलिइलेक्ट्रोलाइटला तर आधी केंद्रावर चाचणी मागतात. एक टन कोरड्या गाळाला किती किलो पावडर लागली, हे तिथे ठरते. किलोला महाग पावडर अशा हिशेबात स्वस्त निघू शकते.

वार्षिक दरकरारात आणखी एक जुगार आहे. क्लोरीन कॉस्टिक सोड्यासोबतच तयार होतो, एक टन कॉस्टिकमागे सुमारे ८८६ किलो. कॉस्टिकला मागणी वाढली की क्लोरीन ठेवायला जागा उरत नाही आणि भाव कोसळतो, उलटे झाले की चढतो. रानोलीचा गुजरात अल्कलीजचा कारखाना शेजारीच असल्याने बडोदेकरांना माल जवळ पडतो, पण भावाची हमी त्याने मिळत नाही. करारात भाववाढीचे कलम नसेल तर वर्षभर तोच दर निभवायचा असतो. टेंडरमधले टन अंदाजे असतात, तेवढे उचलतीलच असे नाही.

तांत्रिक लिफाफा पास झालेल्यांचेच दर उघडतात. सर्वांत कमी दराचा प्रस्ताव आयुक्तांच्या अधिकारापेक्षा मोठा असेल तर स्थायी समितीकडे जातो. मंजुरीपत्र आल्यावर ठरलेल्या दिवसांत सुरक्षा ठेव भरून स्टँप पेपरवर करार करावा लागतो. हे चुकले तर बयाणा जप्त होतो.

बिलासोबत वजनकाट्याच्या भरल्या आणि रिकाम्या गाडीच्या दोन्ही पावत्या, प्रयोगशाळेचा अहवाल आणि केंद्राच्या अभियंत्याची सही लावा. करार अडीच लाखांवरचा असेल तर २ टक्के जीएसटी टीडीएस कापून पैसे येतात. ती रक्कम जीएसटी पोर्टलवर जाऊन स्वीकारली तरच तुमच्या कॅश लेजरमध्ये जमा होते, पुष्कळ जण हे विसरतात. सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असाल तर २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे माल स्वीकारल्यापासून फार तर ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. त्यासाठी माल पोचल्याची तारीख आणि शिक्का असलेले चलन जपून ठेवा, दिवस तिथूनच मोजतात.